डांबराखालचं नाव

मिलिंदचा फोन आला तेव्हा मी उदगीरच्या स्टँडवर लातूरची गाडी लागायची वाट बघत उभी होते. "उषाताई, अक्का गेली," एवढंच तो बोलला. मागे कुणीतरी बाई रडत होती, बहुधा त्याची बायको. मी काय बोलले ते आठवत नाही. लातूरची गाडी लागली, माणसं चढली, ती निघूनही गेली, आणि मी समोर उभ्या असलेल्या नांदेडच्या गाडीत जाऊन बसले. माझी जुनी मैत्रीण, डॉ. वनमाला सोनकांबळे, दगडाची डॉक्टर, मुखेडची... गेली. आजारी होती, जाणार हे माहीत होतं. तरी माहीत असणं आणि ऐकणं यात अंतर असतंच. गाडी मुखेडजवळ आली तोवर फोन सारखा थरथरू लागला होता. कॉलेजच्या जुन्या ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली होती. कुणीतरी तिचा फोटो झेंडूच्या चौकटीत बसवला होता आणि खाली लिहिलं होतं, 'भूगर्भशास्त्रातला तेजस्वी तारा निखळला.' पाठवणाऱ्याचं नाव वाचलं आणि माझ्या तोंडात कडू पाणी आलं. ते सर होते. तिचे माजी प्राचार्य, आणि नंतर त्या गरम पाण्याच्या प्रकल्पाचे सल्लागार अध्यक्ष.

खरं सांगते, त्या दिवशी मला रडू कमी आलं आणि शिसारी जास्त आली. आज इतक्या आठवड्यांनंतरही ती गेलेली नाही. तिच्या घरी पोचले तर अंगणात पांढऱ्या कपड्यातली माणसं दाटीने बसलेली, आत त्रिसरण चाललेलं, आणि दाराशी, सगळ्यांना दिसेल असं, एक भलंमोठं पुष्पचक्र. त्याच्या रिबिनीवर कंपनीचं नाव, सोनेरी अक्षरात. मिलिंद तिचा धाकटा भाऊ, स्वभावाने गरीब, कुणाला उलटून बोलत नाही. तो बाहेर आला, त्याने रिबीन वाचली, ते पुष्पचक्र दोन्ही हातांनी उचललं आणि घरामागे मोरीच्या पाण्याशी नेऊन ठेवलं. परत येऊन माझ्याशेजारी बसला.

वनमाला मला भेटली नांदेडच्या मुलींच्या वसतिगृहात. मी शिरूर अनंतपाळकडची, शेतकऱ्याच्या घरातली, मराठी शिकायला आलेली. ती एसटी कंडक्टरची मुलगी, विज्ञानाला. पहिल्या संध्याकाळी खोलीतल्या बाकीच्या मुली तिला गाव विचारत होत्या, मग वडील काय करतात ते, मग गावात घर कोणत्या बाजूला ते. ती ट्रंकेतले कपडे काढत होती. हातातली घडी न मोडता म्हणाली, "आडनाव विचारायचं असंल तर सरळ विचारा. जात विचारायची असंल तर तीही सरळ विचारा. फिरून फिरून कशाला येऊन राहिलात?" त्यानंतर त्या खोलीत कुणी फिरून आलं नाही. दोघींनी खोली बदलून घेतली, मी राहिले. मी फार थोर होते म्हणून नव्हे. मला तिचं बोलणं आवडलं होतं.

भूकंप झाला तेव्हा ती शाळेत होती. मुखेडला भांडी पडली, भिंतीला तडे गेले, तेवढ्यावर निभावलं. पण लातूरकडून येणाऱ्या गाड्यांत तिचे वडील ड्यूटीवर होते आणि ते जे बघून आले ते त्यांनी घरी कधीच पूर्ण सांगितलं नाही. शाळेत गुरुजींनी देवाचा कोप सांगितला. तिने विचारलं, कोप किती खोलीवर झाला? गुरुजींनी तिला वर्गाबाहेर उभं केलं. हे ती हसत सांगायची. पण प्रश्न मात्र तिने सोडला नाही. आपल्याकडे वर काळा पाषाण, थरावर थर. त्याच्या खाली काय, हेच तिला हवं होतं. जिल्ह्याच्या पूर्व कडेला हा काळा पाषाण संपत येतो आणि खालचा तांबूस वालुकाश्म, म्हणजे वाळूचाच घट्ट बसून झालेला दगड, डोकं वर काढतो. तिकडे काही ठिकाणी जमिनीतून कोमट-गरम पाणी येतं. लोक त्यात आंघोळ करतात, नवस बोलतात. वनमाला थर्मामीटर घेऊन गेली. पीएच.डी. त्याच दगडावर केली.

मला त्यातलं काय कळणार? पण तिने समजावलं ते मी आजही वर्गात सांगते. वाळूच्या कणाकणांत पोकळ्या असतात आणि त्यात पाणी बसतं. दगडात पोकळी किती ही झाली सच्छिद्रता. पण ते पाणी दगडातून वाहू शकतं का, ही गोष्ट निराळी. तिला म्हणतात पार्यता. मी म्हटलं, दोन्ही एकच की. तर ती म्हणाली, "आपल्या हॉस्टेलला खोल्या किती? लई. पण एका खोलीतून दुसरीत जाता येतं का? न्हाई. दारं लावलेली. तसंच." ती दगडाच्या अंगठ्याएवढ्या जाड कांड्या कापायची. कोरडी कांडी तोलायची, पाणी पाजून पुन्हा तोलायची, त्यावरून पोकळी काढायची. मग तीच कांडी नळीत घट्ट बसवून एका बाजूने पाणी दाबायचं आणि दुसऱ्या बाजूने किती निघतं ते बघत बसायचं. वर्षानुवर्षं ती हेच बघत बसली. लग्न केलं नाही. ज्या कॉलेजात शिकली तिथेच शिकवायला लागली, आणि जिन्याखालच्या एका खोलीत तिने प्रयोगशाळा उभी केली.

मग ती कंपनी आली. जमिनीखालचं गरम पाणी वर काढायचं, त्याच्या उष्णतेवर हळद आणि सोयाबीन वाळवायचं, पुढेमागे वीज करायची, आणि गार झालेलं पाणी दुसऱ्या विहिरीतून पुन्हा त्याच दगडात सोडायचं. कल्पना वाईट नव्हती. वनमाला तर खुलली होती. ज्या दगडाला कुणी विचारत नव्हतं त्याला भाव आला होता. सर तेव्हा निवृत्त होऊन कंपनीकडे गेले होते. त्यांनीच तिला सल्लागार म्हणून नेलं. विहीर खणताना निघालेल्या वालुकाश्माचे नमुने पोत्यांनी तिच्या खोलीत आले. काही महिने तिने दुसरं काही केलं नाही. मग एका रविवारी लातूरला माझ्याकडे आली, जेवलीही नाही. म्हणाली, पोकळी भरपूर आहे, पण पोकळ्यांच्या मधल्या वाटांत चिकणमाती बसलेली आहे. गरम पाणी दाबलं की ती माती सुटते, पुढे सरकते आणि अरुंद जागी जाऊन बूच बसतं. पाणी वर येईल थोडे दिवस. परत खाली जाणार नाही.

हे तिने बैठकीत सगळ्यांसमोर सांगितलं. लपवाछपवी कुठेच नव्हती, आणि हीच गोष्ट मला जास्त घाण वाटते. सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी तिच्या सांगण्यातला पहिला अर्धा भाग उचलला. भाषणांत, फलकांवर, पुढाऱ्यांच्या तोंडी एकच वाक्य... खडक पाण्याने भरलेला आहे. दुसऱ्या अर्ध्याबद्दल विचारलं की सर म्हणायचे, तो तांत्रिक तपशील आहे.

विहीर खणली त्या गावात जनसुनावणी ठेवली होती, शाळेच्या पटांगणात, मंडप घालून. मीही गेले होते. बोलायची तिची पाळी आली तेव्हा तिने भाषण केलं नाही. दोन काचेच्या नळ्या टेबलावर उभ्या केल्या. दोन्हींच्या तळाशी सायकलच्या ट्यूबने घट्ट बांधलेली दगडाची एकेक कांडी. एक नदीकाठच्या उघड्या वालुकाश्माची, दुसरी त्यांच्याच विहिरीतली. म्हणाली, दोन्ही दगड सारखंच पाणी पितात, मी तोलून बघितलंय. आता वरून पाणी घालते, तुम्हीच बघा. पाणी घातलं. नदीकाठच्या दगडाखालून टप्... टप्... थेंब पडायला लागले. दुसऱ्याखाली ठेवलेली वाटी कोरडीच. मागे बसलेल्या बाया उठून पुढे आल्या आणि वाकून वाटीत बघू लागल्या. त्यांतली एक, शांताबाई, जिचं शेत विहिरीच्या खालच्या अंगाला होतं, ती म्हणाली, "म्हंजी ह्यो घेतोय, पर फुडं देत न्हाई." वनमाला म्हणाली, "हाव. तेवढंच सांगायला आले मी."

सर माईकवर आले, हसले. म्हणाले, मॅडम, एकेक थेंब मोजत बसायला इथे वेळ कुणाला आहे? मंचावरचे सगळे हसले. खुर्च्यांवरचेही काही हसले. प्रकल्पाचा ठराव मंजूर झाला. मंडपाच्या मागे, चहाच्या टेबलापाशी, सर तिच्याजवळ आले. मी बाजूलाच होते. आवाज अगदी मऊ. "सोनकांबळे मॅडम, तुम्हाला इथपर्यंत आणलं कोणी, याचा जरा विचार करत जा." कप खाली ठेवून ती म्हणाली, "एसटीनं." आणि आम्ही चालायला लागलो. गाडीत बसल्यावर मात्र तिने खिडकीच्या गजावर कपाळ टेकलं ते मुक्कामापर्यंत उचललं नाही.

पुढे जे झालं ते तिने सांगितलं होतं तसंच झालं. बरोबर ठरल्याचा तिला कणभर आनंद नव्हता. दुसरी विहीर आधी पाणी घ्यायची, मग कमी घ्यायला लागली, मग घेईनाशी झाली. वर येणारं पाणी मात्र येतच होतं, त्याला कुठेतरी सोडायला हवं होतं. ते नाल्यात सोडलं. वनमालाला शांताबाईचा फोन आला आणि ती मला घेऊन गेली. तो वास अजून माझ्या नाकात आहे, सडक्या अंड्याचा, त्यात काहीतरी खारट. नाल्याच्या कडेला पिवळट-पांढरी साय धरलेली. खेकडे उलटे पडलेले. मासळीची फुगलेली पोटं सायीत अडकून हलत होती, त्यांवर माश्या. शांताबाईचं वासरू त्या पाण्यात उतरलं होतं. त्याच्या खुरांवरची कातडी सुटून लोंबत होती आणि ते पाय उचलून पुन्हा ठेवायला घाबरत होतं. मी पळसामागे जाऊन ओकले. परत आले तर वनमाला नाल्यात उकिडवी बसून बाटल्यांत पाणी भरत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, उलटी झाली ते बरंच झालं, मंचावर हसणाऱ्या सगळ्यांना इथे आणून बसवलं पाहिजे, जेवणाची ताटं वाढून.

मग शांताबाईने विचारलं, "बाई, तितं गेटवरल्या पाटीवर नाव हाय, ते तुमचंच न्हवं?"

आम्ही गेटपर्यंत गेलो. मोठी पाटी, कंपनीचं नाव, पुढाऱ्यांची नावं, आणि खाली, 'शास्त्रीय सल्लागार : डॉ. वनमाला सोनकांबळे'. तिने सल्लागारपद सुनावणीनंतर सोडलं होतं. पाटीवरून नाव मात्र कुणी काढलं नव्हतं. माणूस सोडून गेला तरी त्याचं नाव कामाला लावता येतं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. वासरू आजारी पडलं, तर गावाने कुणाकडे बोट दाखवायचं? पाटीकडे. तिने तिथेच उभं राहून सरांना फोन लावला. सर म्हणाले, नाव आहे तर बिघडलं कुठे, लोक नावासाठी मरतात.

पुढच्या वेळी आम्ही गेटवर गेलो तेव्हा ती रस्त्याच्या कामावरून डबाभर डांबर मागून घेऊन आली. भर दुपारी. शांताबाईने घरची शिडी धरली. चौकीदार धावत आला, म्हणाला, बाई, काय करून राहिलात? ती शिडीवरूनच म्हणाली, "माझं नाव आहे. मी खोडून राहिले. दुसऱ्या कुणाच्या नावाला हात लावला तर सांगा." तिने सावकाश, कडा धरून, आपल्या नावावर डांबर फासलं. एक ओघळ खालच्या रिकाम्या जागेत उतरला. खाली आली तेव्हा ती खोकत होती. तो खोकला मी तेव्हा डांबराच्या वासावर ढकलला.

कंपनीने पोलिसांत तक्रार दिली, कॉलेजने नोटीस. प्रयोगशाळेला दुरुस्तीच्या नावाखाली कुलूप लागलं. तिने पाण्याच्या बाटल्या आणि तपासणीचे निकाल घेऊन जिल्ह्याच्या कचेरीत इतक्या खेपा घातल्या की तिथले शिपाई तिला बघून खुर्ची पुढे करायला लागले. शेवटी पथक आलं. दोन्ही विहिरी सिमेंटने बुजवल्या. कंपनी मशिनं घेऊन निघून गेली. कुणाला काही शिक्षा झाली नाही. शांताबाईच्या शेतात पुढे ज्वारी आली, नाल्याकडचा पट्टा सोडून. तो पट्टा अजून पांढरा आहे. वासरू वाचलं नाही.

खोकला मात्र वाढत गेला. फुफ्फुसात दगडाची धूळ बसली होती. कित्येक वर्षांची. माती असलेला वालुकाश्म पाण्याच्या धारेखाली कापता येत नाही. माती फुगते, मोजमाप खोटं येतं. म्हणून ती कोरडा कापायची, बंद खोलीत, तोंडाला ओढणी बांधून. हवा ओढणारा पंखा तिने कॉलेजकडे मागितला होता, पुन्हा पुन्हा मागितला होता. प्राचार्य तेव्हा सरच होते. दवाखान्यात एक शिकाऊ डॉक्टर, मुलगा चांगला होता, तिला म्हणाला, मॅडम, तुमच्या फुफ्फुसांचं तुमच्या दगडासारखंच झालंय. ती ऑक्सिजनची नळी बाजूला करून म्हणाली, "असलं काही बोलू नको. दगड दगड आहे. मला धुळीनं मारलंय आणि पंखा न देणारांनी." मग माझ्याकडे वळली. "आणि उषे, तूही असलं काही लिहू नको." नाही लिहिलं, वनमाला.

कॉलेजात शोकसभा झाली. मी जाणार नव्हते, मिलिंदसाठी गेले. सर बोलले. ओलावलेल्या आवाजात म्हणाले, ती पाषाणाला पाझर फोडणारी विदुषी होती, आणि त्या ऐतिहासिक प्रयोगशाळेला आपण तिचं नाव देणार आहोत. टाळ्या वाजल्या. शोकसभेत टाळ्या. माझं अंग आतून शहारलं, पाल अंगावर पडावी तसं. मग मला दोन शब्द बोलायला बोलावलं. मी दोन शब्दांची तयारी करून गेले होते, ते सगळे विसरले. माईकवर गेले आणि म्हणाले, "त्या प्रयोगशाळेची चावी कुणाकडे आहे, तेवढं सांगा."

सर हळूच म्हणाले की ही वेळ नव्हे. मी तिथेच उभी राहिले. मग शेवटच्या रांगेजवळ उभा असलेला शिपाई म्हणाला, "चावी हाय माझ्याकडं. हुकूम न्हाई."

पुढच्या रांगेत तिच्या विद्यार्थिनी बसल्या होत्या. त्या उठल्या, एकीमागून एक, आणि जिन्याकडे चालू लागल्या. शिपायाने सरांकडे बघितलं. सगळं सभागृह सरांकडे बघत होतं. त्यांनी मान हलवली. काय करणार?

दार उघडलं तसा आतून उंदरांच्या मुताचा भपकारा आला. नमुन्यांची पोती फाटलेली, कांड्या जमिनीवर पसरलेल्या, त्यांवर लेंड्या. खिडकी नव्हतीच. भिंतीला, छताला, दिव्याच्या तारेला, सगळीकडे ती तांबूस भुकटी, बोटभर. ज्यात ती जगली ती हवा मी तेव्हा पहिल्यांदा बघितली. पोरींनी ओढण्या तोंडाला बांधल्या. मी म्हटलं, नाही, असं नको, आधी मास्क आणा, तोवर कुणी आत पाऊल टाकायचं नाही. त्या थांबल्या. मास्क आले, मग झाडू आले. सर तेवढ्यात निघून गेले होते. खोलीला नाव अजून दिलेलं नाही. पण पंखा बसला आहे, पोरींनी भांडून बसवून घेतला.

लातूरला परत निघायच्या आधी मी मुखेडला मिलिंदकडे गेले. वनमालाच्या स्वयंपाकघरात ओट्यामागच्या फळीवर मिठाच्या आणि हळदीच्या डब्यांच्या मधे दगडांचे तुकडे अजून तसेच आहेत. तिची एक सवय होती, जी मला उभ्या जन्मात आवडली नाही. कुठलाही नवा दगड हातात आला की ती तो जिभेला लावायची. बाजारात, एसटीत, लोकांसमोर. मी म्हणायचे, शी, काय करतेस, कुणी कुणी पाय दिला असेल त्यावर. ती म्हणायची, दगडात बारीक पोकळ्या असतील, माती असेल, तर तो जिभेला चिकटतो, यंत्रात घालायच्या आधीच कळतं. मिलिंदची बायको चहा टाकत होती, तिची पाठ माझ्याकडे होती. मी फळीवरचा तांबूस तुकडा उचलला, पदराने पुसला, आणि पुसूनही किळस वाटतच होती, तरी जिभेला लावला. चव कसलीच नाही. नुसता कोरडेपणा. हात सोडला तरी तो पडला नाही... तसाच धरून राहिला. ओढून काढावा लागला, आणि निघताना जीभ जरा दुखली.